मूंझारो

प्रश्न नऊच होते. गुजरातीत छापलेला कागद, क्लिपबोर्डला लावलेला, आणि पेन कुणी नेऊ नये म्हणून दोऱ्यानं बांधलेलं. काउंटरवरच्या मुलीनं तो आत्यापुढं धरला, तर आत्या म्हणाली, चष्मा घरी राहिलाय. म्हणून कागद माझ्याकडं आला. (चष्मा तिच्या पिशवीतच होता. रिक्षात बसल्यावर तिनं तो काढून लावला तेव्हा कळलं.) मी एकेक प्रश्न मनात गुजरातीत वाचायचो आणि तिला मराठीत विचारायचो. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन रमत नाही, असं किती वेळा झालं? मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज? "मुळीच नाही." उदास, निराश वाटलं? "छे." झोप? "लागते की." भूक? "माझी भूक ती केवढी!" आपण घरच्यांना कमी पडलो असं वाटतं? इथं ती जरा थांबली, समोरच्या कॅलेंडरवरच्या श्रीनाथजींकडं बघत राहिली, मग म्हणाली, "असलं काय विचारतात रे बाळू?" मी शून्यावर गोल केला. नववा प्रश्न मी वाचलाच नाही. तो मरणाबद्दलचा होता. ७१ वर्षांच्या सख्ख्या आत्याला, चार परक्या माणसांत, तो विचारायला माझी जीभ रेटली नाही. तिथंही मीच परस्पर शून्य केलं.

डॉक्टरबाई तिशीतल्या असतील. त्यांनी कागदावर नजर फिरवली, बेरीज बघितली, कागद उलटा करून ठेवला आणि खुर्ची थोडी पुढं ओढून विचारलं, "बा, मूंझारो थाय छे?" जीव कोंडल्यासारखं होतं का, असं काहीसं. आत्याची हनुवटी थरथरली. "थाय छे," ती म्हणाली. "बहु थाय छे, बेन." होतं, फार होतं. आणि पदराचा बोळा तोंडाशी धरून ती अशी रडली, की बाहेरच्या मुलीनं दार किलकिलं करून आत बघितलं. तिचे यजमान, अण्णा, गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

उलट्या ठेवलेल्या कागदावर बेरीज शून्य होती.

फॉर्म भरून घेणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. विम्याच्या ऑफिसात. माणसं फॉर्मवर खोटं बोलतात हे मला कुणी शिकवायला नको. तंबाखू? "नाही साहेब," आणि गालात गोळी. वडील कशानं गेले? "म्हातारपणानं," आणि पुढच्या रकान्यात वय ५२. मानसिक आजार आहे किंवा होता का, या रकान्यापुढं मी आजवर किती वेळा 'नाही' लिहिलंय याचा हिशेब नाही. बहुतेक वेळा न विचारताच लिहिलंय, कारण विचारलं की समोरचा खुर्चीत सरकतो आणि पॉलिसी हातची जाते की काय असं वाटतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना बजावलं, की शरीराच्या आजाराला जे संरक्षण देता तेच मनाच्या आजारालाही द्या. परिपत्रकं आली, आम्ही फायलीला लावली. माझ्या स्वतःच्या पॉलिसीवर कुटुंबाच्या इतिहासाच्या रकान्यात 'काही नाही' असं माझ्याच अक्षरात आहे, आणि ते खोटं आहे. २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणवाल्यांनी बारा राज्यांत घरोघर जाऊन विचारलं होतं. गुजरात त्यात होतं. मोठ्या माणसांत शंभरातले दहा-अकरा जण त्या वेळी कुठल्या ना कुठल्या मनाच्या आजारात सापडले, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार म्हणून काही मिळतच नव्हतं. आकडा मोठाच आहे. पण मला सारखं वाटत राहतं, दारात उभं राहून त्यांनी नेमका कुठला शब्द वापरला असेल? आणि घरातून कुठला शब्द बाहेर आला असेल?

आत्याचं सुरू कधी झालं हे ठरवणं अवघड आहे. आम्ही सोयीसाठी पुरापासून धरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री, आमच्या बडोद्याची मगरींची नदी, तिच्या घरात आली. समा भागात तळमजल्याचा फ्लॅट. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन आले, सगळ्यांना एकच कुतूहल: मगर दिसली का? आत्याकडं मगर आली नाही. कमरेएवढं पाणी आलं आणि दीड दिवस राहिलं. गव्हाची कोठी गेली, लग्नातला शालू गेला, अण्णांची लाकडी पेटी फुगून कायमची बंद झाली. पाणी उतरल्यावर भिंतीवर जी रेघ राहिली ती रंग दिल्यावरही दोन महिन्यांत पुन्हा उमटली. दिवाळीपर्यंत आत्या छान होती. छान म्हणजे दुप्पट वेगानं कामं करत होती. मग नोव्हेंबरच्या अखेरीला एका पहाटे तिचा फोन आला, छातीत काहीतरी होतंय. धावलो. ईसीजी चांगला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तीन ईसीजी, एक टू-डी इको, एक सोनोग्राफी. प्रत्येक रिपोर्ट चांगला आला की आम्हाला हायसं वाटायचं आणि आत्या मात्र थोडी ओशाळल्यासारखी व्हायची, जणू चोरी पकडली गेली. "गॅस असेल," ती स्वतःच म्हणायची. ओवा झाला, हिंग झाला, सोडा झाला. डावा हात मात्र सतत छातीखाली, फोनवर बोलताना, देवाला दिवा लावताना.

दर शनिवारी तिच्याकडून आमच्याकडं अळूवडीचा डबा यायचा. मराठी अळूवडी आणि गुजराती पातरा यांच्या मधली कुठली तरी ती वडी होती. चिंच-गूळ आपला, पण वरून राई-तिळाची फोडणी आणि खोबरं अगदी बडोद्याचं. तो डबा बंद झाला. आम्ही म्हणालो, वय झालं, किती करायचं तिनं. टीव्हीवर मालिका चालू असायची, आवाज बंद करून. दाराची कडी लावली का हे ती चार-पाच वेळा उठून बघायची. पहाटे चारला जाग यायची आणि मग डोळा लागायचा नाही. डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, की दोन आठवडे असं चाललं तरी दखल घ्यायला हवी. आम्ही फेब्रुवारी उजाडेपर्यंत तिला जिरागोळ्या चारत होतो.

आणि उपदेश. तो तर पोटभर. तिनं कधी सांगितलं नाही असं नाही. "जीव घाबरतो रे," असं ती मला दोनदा तरी म्हणाली होती. त्यावर मी काय म्हणालो? "घाबरतेस कशाला? आम्ही आहोत ना." घाबरणं म्हटलं की आपल्याला भित्रेपणाच आठवतो. मग धीर देणं हे आपलं काम आणि धीर धरणं हे तिचं.

मराठीत या सगळ्याला शब्द कमी आहेत असं मुळीच नाही. पोटात गोळा येतो, उरात धडकी भरते, जीव कासावीस होतो, अन्न गोड लागत नाही. पण शब्दांना आम्ही जी क्रियापदं जोडतो त्यांनी अलीकडं माझी झोप उडवली आहे. हाय खातात. धसका घेतात. काळजी करतात. म्हणजे जे काही झालं ते त्या माणसानं केलं; नसती खाल्ली हाय तर नसतं झालं. उलट वेड लागतं, नजर लागते, भूत लागतं, बाहेरचं लागतं. तहान आणि ठेच लागते तसंच. यात माणसाचा दोष नाही, ते बाहेरून येऊन चिकटलेलं. पण मग ते काढायलाही बाहेरचाच कुणीतरी शोधावा लागतो. आणि या दोन्हींच्या मध्ये आमचं एक घरगुती वाक्य आहे, जे त्या चार महिन्यांत माझ्या बायकोपासून आत्याच्या कॅनडातल्या मुलापर्यंत सगळ्यांनी तिला ऐकवलं: मनाला लावून घेऊ नका. 'लागणं' हेच क्रियापद, फक्त आता ते चिकटवणारीही तूच.

नानाकाकाला लागलं होतं. आत्यानं लावून घेतलं होतं.

नानाकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आत्याच्या पाठचा. १९७९ साली तो बावीस वर्षांचा होता, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला, आणि मी नऊ वर्षांचा. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याला मागं चौक होता, चौकात नळ, आणि नळाला पहाटे तासभर पाणी. नाना रात्री तीनला उठून भांडी भरायला लागला. आधी पिंप, बादल्या, हंडे. मग पातेली. मग वाट्या, फुलपात्री, देवघरातली पळीसुद्धा. सकाळी उठावं तर चौकातून स्वयंपाकघरापर्यंत पाणीच पाणी मांडून ठेवलेलं, आणि त्यावर उन्हाचे कवडसे. मला ते फार सुंदर वाटायचं. का रे भरतोस, म्हटलं की तो शांतपणे सांगायचा, "मोठी आई सांगते. नळ जाईल, भरून ठेव." मोठी आई म्हणजे त्याची आजी. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती. पहिले काही महिने घरात कुणाला फारसं वाटलंही नाही. आजी तर म्हणायची, सासूबाई गेल्या तरी कामाला लावतातच. मग मोठ्या आईबरोबर आणखी माणसं बोलायला लागली. गच्चीवर बसून आपल्याबद्दल कुजबुजणारी. नानानं कणकेची खळ करून खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. आंघोळ सोडली. परीक्षेला बसला नाही. कारणं प्रत्येकाची वेगळी: अभ्यासाचा ताण, एक मुलगी, वाटणीवरून चुलत्यांनी केलेली करणी. वाड्यात त्या वर्षी जितकी माणसं तितकी निदानं होती.

आत्याच्या त्या दिवसानंतर मी रात्री बसून वाचायला लागलो, तेव्हा एका ठिकाणी नाना भेटला. टी. एम. लुहरमन नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाज ऐकणाऱ्या रुग्णांशी बोलून २०१५ साली एक अभ्यास छापला. कॅलिफोर्नियातल्या सॅन मॅटिओतले वीस, घानात आक्राचे वीस आणि आपल्या चेन्नईचे वीस. आजार एकच, स्किझोफ्रेनिया, जो जगात साधारण तीनशे माणसांत एकाला असतो. पण आवाज वेगवेगळे. अमेरिकेतल्यांना ते परके, हिंसक, मेंदूवर चालून आलेले वाटत. आक्रातल्या अनेकांशी देव बोलत असे. आणि चेन्नईतल्या निम्म्याहून अधिकांना नातेवाईक ऐकू येत. रागवणारे, सल्ला देणारे, घरातली कामं सांगणारे. ते वाचून मी उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. नानाचा आजार मेंदूचा होता याबद्दल मला आता शंका नाही. पण त्या आजाराला तोंड उघडायला मिळालं ते आमच्या वाड्यात, म्हणून तो मोठ्या आईच्या आवाजात बोलला, आणि नळाच्या वेळेबद्दल बोलला.

नानाला कुठं कुठं नेलं. गरुडेश्वरला, नर्मदेकाठी, टेंबे स्वामींच्या समाधीपाशी. बडोद्याच्या मराठी माणसाचं दत्ताचं माहेर ते. मी बरोबर होतो. घाटावर तो तीन दिवस झोपला, नुसता झोपला, आणि कुणी त्याला काही विचारलं नाही. तिथं बसलेल्यांत आणखी दोघं-तिघं त्याच्यासारखी होती आणि कुणी कुणाकडं वळून बघत नव्हतं. आज मला कुणी विचारलं की देवस्थानानं काय होतं, तर मी एवढंच सांगेन, की तीन दिवस त्याला लाज वाटली नाही. आजार मात्र तसाच परत आला. मग डभोईच्या बाजूच्या एका भुव्याकडं, म्हणजे मांत्रिकाकडं, नेलं, डाकलं वाजवून, धूप घालून. तिथं मला नेलं नव्हतं. परत आल्यावर नानाच्या पाठीवर साखळीचे वळ होते आणि बाबा महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. पुढं २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एर्वाडीला आगीत २८ मनोरुग्ण गेले, बहुतेक साखळदंडानं बांधलेले. त्या सकाळी बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि चपला घालून बाहेर पडले ते दुपारी आले. देवस्थानं आणि दवाखाने यांची भांडणं लावणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. मेहसाण्याजवळ उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात आता दुवा मागायला आलेल्याला तिथंच मानसोपचाराचं औषधही मिळतं, दुवा सोडायची अट नाही. नानाच्या वेळी असं काही असतं तर?

शेवटी करेलीबाग. बडोद्यात करेलीबाग ही चांगली मध्यमवर्गीय वस्ती आहे, बंगले आहेत, शाळा आहेत. पण सयाजीरावांच्या काळापासूनचं मनोरुग्णालय तिथं, त्यामुळे आमच्या पिढीपर्यंत "याला करेलीबागला पाठवा" याचा अर्थ एकच, पुण्यात येरवडा म्हणतात तसा. नाना चार महिन्यांनी परत आला. अंगानं सुटला होता, हात थरथरत होते, चाल सावकाश झाली होती. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा मनोरुग्णांवर वापरलं गेलेलं क्लोरप्रोमॅझिन आणि त्याची भावंडं, त्यांचा हा प्रसाद. पण खिडक्यांवरचे कागद त्यानंच भिजवून काढले. "आवाज गेला का रे?" आत्यानं विचारलेलं मला आठवतं. "बारीक झालाय," तो म्हणाला. रेडिओबद्दल बोलावं तसं. मांडवीतल्या एका धान्याच्या दुकानात तो पुढं वीसेक वर्षं वह्या लिहायचा. अक्षर मोत्यासारखं. १९९८ मध्ये गेला, हृदयविकारानं. ही सगळी हकीकत आमच्या घरात कुणी कधी एका दमात सांगितलेली नाही. मी इथं पहिल्यांदाच सांगतोय.

रात्रीच्या वाचनात जगभरचे मूंझारे भेटले. कोरियात ह्वाब्युंग म्हणतात, अग्नीचा आजार. वर्षानुवर्षं राग गिळलेल्या, पन्नाशीतल्या बायकांच्या छातीत आणि पोटात एक गोळा पेटलेला असतो. जपानमध्ये काही माणसांना भीती वाटते ती लोकांची नाही, आपल्या नजरेनं किंवा वासानं लोकांना त्रास होईल याची. झिंबाब्वेत शोना भाषेत कुफुंगिसिसा, फार विचार करणं. २००६ पासून हरारेत त्यावर आज्या उपचार करतात, दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून, थोडं प्रशिक्षण घेऊन, आणि २०१६ मध्ये छापल्या गेलेल्या चाचणीत त्या आज्यांचा गुण आलेला दिसला. चीनमध्ये चांगशा इथं आर्थर क्लाइनमन यांनी मज्जातंतूंचा अशक्तपणा असं निदान झालेले शंभर रुग्ण तपासले. त्यांतले ८७ पाश्चात्त्य निकषांनी नैराश्याचे होते, पण तक्रार डोकेदुखीची, झोपेची, थकव्याची. मनाचं नाव कुणी घेत नव्हतं, कारण शरीर दुखलं तर रजा मिळते. आपल्याकडं रेल्वेतून जाताना भिंतींवर ज्या गुप्तरोगाच्या जाहिराती दिसतात त्यांचं गिऱ्हाईकही असंच; १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी धात सिंड्रोम हे नाव दिलं ते त्या पोरांच्या काळजीला, ज्यांना वाटतं आपलं सत्त्व लघवीवाटे चाललंय. या सगळ्यांची एक यादी असायची, अमेरिकन निदानग्रंथाच्या परिशिष्टात, संस्कृतीशी बांधलेले आजार म्हणून. मुख्य पानांवर आजार, मागच्या पानांवर संस्कृती. जणू संस्कृती ही फक्त बाकीच्यांना होते. २०१३ च्या आवृत्तीत त्यांनी तो मथळा बदलला. बरं केलं. लढाईच्या आवाजात बोलणारा सॅन मॅटिओतला मेंदू काही कमी सांस्कृतिक नाही.

पण मूंझारो म्हणजे नेमकं काय? मी बडोद्यात जन्मलो, गुजराती माध्यमात शिकलो, तरी मला सांगता येईना. शेजारच्या कोकिलाबेन म्हणाल्या, "रस्तो ना सूझे ने श्वास ना पूरे, बेउ साथे." रस्ता सुचत नाही आणि श्वास पुरत नाही, दोन्ही एकदम. गोंधळणं आणि गुदमरणं यांचं लग्न लावलं तर होईल तो. मराठीत घुसमट आहे, कोंडमारा आहे. पण घुसमट हा शब्द दिवाळी अंकातला. आत्यानं तो आयुष्यात तोंडानं उच्चारलेला नाही. शिवाय घुसमट म्हटलं की लगेच माणूस शोधला जातो, कोण करतंय घुसमट, सून की मुलगा? आमची आई १९६८ मध्ये साताऱ्याहून लग्न होऊन इथं आली तेव्हा शेजारणी तिला विचारायच्या, "गोठे छे अहीं?" आणि ती बिचारी भर मेमध्ये सांगायची, नाही हो, उलट उकडतंच आहे. गोठणं म्हणजे इथं रमणं, जुळणं. वर्षभरानं तीच म्हणायला लागली, मला आता गोठतं. १९३१ मध्ये बडोदे सरकारनं कारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश काढला होता, कचेरीत प्रत्येक गोष्टीला नेमका शब्द हवा म्हणून. घरातल्या बायकांनी आपला कोश आपणच केला, ज्या भाषेत जे सोसेल ते त्या भाषेत ठेवून.

आणि त्यातलं क्रियापद. थाय छे. होतं. कुणी खाल्लं नाही, घेतलं नाही, बाहेरून लागलं नाही, लावून घेतलं नाही. पाऊस होतो तसं. त्या दिवशी रडणं ओसरल्यावर डॉक्टरबाईंनी मी गाळलेला नववा प्रश्नही विचारला, तितक्याच साध्या आवाजात. "क्यारेक एम थाय के हवे नथी जीववुं?" कधी असं होतं का, की आता जगायचं नाही? मला खुर्चीतून उठावंसं वाटलं. आत्या म्हणाली, "सवारे थाय. चार वागे." मग जरा थांबून, "पछी दूधवाळो आवे." मग दूधवाला येतो. मी बाहेर आल्यावर त्यांना हळूच म्हटलं, असं विचारल्यानं उलट डोक्यात येत नाही का? त्या म्हणाल्या, विचारल्यानं येत नाही, आलेलं हलकं होतं. चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्यांनी १४४१६ हा आकडा लिहिला, टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा. "चार वाजता मी झोपलेली असते, इथं कुणीतरी जागं असतं," त्या म्हणाल्या.

रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड ठीक निघालं, बी-१२ मात्र तळाला. शाकाहारी घर, त्यात भूक गेलेली. त्यानंही मन खचतं म्हणे. इंजेक्शनं सुरू झाली आणि एसिटालोप्रॅमची, उदासी आणि काळजीवरची, छोटी गोळी. कारण काय, असं मी दोनदा विचारलं, कारण विम्यात कारणाचा रकाना मोकळा चालत नाही. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं: भाऊ आजारी होता म्हणजे घराण्यात काही असेल, नवरा गेलेला, मुलगा लांब, बी-१२, वय, आणि वर पूर. मी म्हटलं, मग पुरानंच ना? "पाणी तर सगळ्या सोसायटीत आलं होतं," त्या म्हणाल्या. पहिले दहा दिवस नुसती मळमळ. आत्या गोळी बंद करायला निघाली होती, बायकोनं राग ओढवून घेऊन चालू ठेवली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती सहाला उठली. कॅनडातल्या मुलाला मी सांगितलं तर तो एकदम मोकळा झाला, "म्हणजे अँग्झायटी आणि डिप्रेशन. अरे दादा, इथं ऑफिसात निम्म्यांना आहे." त्याला शब्द मिळाला. आत्या तिला मूंझाऱ्याची गोळी म्हणते. बीपीची सकाळी, मूंझाऱ्याची रात्री.

परवा शनिवारी मी तिच्याकडं गेलो तेव्हा ओट्यावर अळू पसरलेलं होतं. देठांच्या शिरा सोलून, पानं उपडी घालून, त्यावर ती बेसनाचं पीठ हातानं फासत होती. चिंचेचा आंबट वास आणि हाताला खाज सुटू नये म्हणून चोळलेलं तेल. मी खुशीत होतो. तिला माझा सगळा सिद्धांत ऐकवला, लागणं, लावून घेणं, हाय खाणं, आणि गुजराती 'थाय' आलं की कसा दोष गळून पडतो, म्हणून मराठीत शून्य आणि गुजरातीत रडू. तिनं एक पान लावलं, दुसरं लावलं, गुंडाळी घट्ट करत आणली.

"इतकं काही नाही रे बाळू," ती म्हणाली. "नानाच्या वेळी कागद दादानं, तुझ्या बाबांनी, भरला होता. मी शेजारी बसले होते. दादा विचारायचा, नाना सांगायचा, दादा लिहायचा. सगळं खरं खरं सांगितलं त्यानं." तिनं गुंडाळीला दोरा बांधला, दातानं तोडला. "आणि मग त्याला ठेवून घेतलं आणि आम्ही दोघं रिक्षानं घरी आलो."

मी गप्प बसलो.

"तू पेन अगदी दादासारखं धरतोस," ती म्हणाली. मग पातेल्यावर चाळणी ठेवून, त्यात वड्या मांडून, झाकण लावता लावता, "उद्या पाणी येणार नाही म्हणतात सोसायटीत. तेवढी बादली लावून ठेव."

मी नळाखाली बादली लावली. ती भरल्यावर दुसरी लावली.